श्रावणातलं पित्त

॥ श्री ॥

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५. श्रावणी सोमवार

शौनकच्या अंगावर पित्त उठलंय. बनियन बदलताना पाठ दिसली म्हणून कळलं, नाहीतर तो सांगणारा नव्हे. पाठीवर, दंडांवर लालसर ठिपके, मसुरीच्या डाळीएवढे.

“खाजतंय का रे?”

“खाजत नाहीये तो.”

हा ‘तो’ बंगाल्यांचा. कोलकात्यात, बागबाजारात जन्म गेल्यावर पोराचं मराठी असंच व्हायचं. तळहात बघितले, तर तिथेही ठिपके. तळहातावर उठलेलं पित्त मी कधी पाहिलं नव्हतं. खाजत नाही असं पित्तही पाहिलं नव्हतं. पण इथली हवा दमट, काहीही होतं. शिवाय त्याचं बाहेरचं खाणं. अंगात उष्णता जाणारच.

पंधरा आमसुलं भिजत घातली. निम्मं पाणी जिरं-साखर घालून प्यायला, निम्मं अंगाला. जूनमध्ये धाकट्या भावानं राजापूरहून पिशवी पाठवली ती संक्रांतीपर्यंत पुरवायची आहे. इथल्या बाजारात आमसूल म्हटलं की दुकानदार चिंच पुढे करतो. म्हणून कुठे किती गेलं ते आजपासून इथेच लिहीन. सिलिंडर कधी लावला, लोणचं कधी काढलं, हे लिहितेच, त्यात हे एक.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

ठिपके तसेच. घसाही धरलाय, अंगात कसकस. सुट्टी घे म्हटलं तर घेत नाही. तेवीस वर्षांचा घोडा, पण पाठीला आमसूल चोळताना लहानपणीसारखा गप्प बसून राहतो. आज म्हणाला, “आई, तू हात धू हं नंतर. साबणानं.” एवढी स्वच्छता कधी शिकला?

आमसुलं १५.

गुरुवार, १४ ऑगस्ट

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत यंदा तरुण मंडळी नाटुकलं बसवताहेत. त्याच्या वह्या न्यायला मुग्धा आली होती. ही मंजुषा वहिनींची मुलगी. वडील बँकेत, तीन वर्षांपूर्वी नागपूरहून बदली होऊन सॉल्ट लेकला आले. मुग्धा आणि शौनक दोघंही नोकरीला सेक्टर फाइव्हमध्ये. ऑफिसं निराळी, बसथांबा एक. मुलगी गुणी. चप्पल दाराबाहेर काढते, न सांगता देवाला नमस्कार करते.

जाताना स्वयंपाकघराच्या दारात घुटमळली.

“काकू, तुमच्याकडे पित्तावर काहीतरी असतं ना? शौनक म्हणत होता. मला पण उठलंय थोडं.”

हात पुढे केले. तळहातावर तसेच ठिपके.

“खाजतं का?”

“नाही.”

मी म्हटलं, बघ, मी म्हणत नव्हते? दोघं त्या थांब्यावर एकाच गाडीवर फुचके, म्हणजे इथली पाणीपुरी, खात असणार. ते पाणी कुठलं, कोण जाणे. तिनं मान खाली घातली, मग हसली. मला बरं वाटलं, रागावली नाही म्हणून. बारा आमसुलं पुडीत बांधून दिली, कसं लावायचं ते सांगितलं. शौनक आतल्या खोलीतून बाहेरसुद्धा आला नाही. “अरे, मुग्धा आलीय, ये की,” म्हटलं, तर हेडफोन घातले होते म्हणे.

आमसुलं १२, मुग्धाला.

शनिवार, २३ ऑगस्ट

ठिपके गेले! पाठ स्वच्छ, तळहात स्वच्छ. मुग्धाचेही गेले असं मंजुषा वहिनी फोनवर म्हणाल्या. ट्यूब नाही, गोळी नाही. भावाला कळवलं, तोही खूश. घरमालकीणबाई माशीमा खाली भेटल्या तेव्हा त्यांनाही सांगितलं. त्या आम्हाला लाडानं बर्गी म्हणतात, म्हणजे पूर्वी बंगालवर चालून आलेले मराठे स्वार. म्हणाल्या, “बर्गीरा लूट कोरते एशेछिलो, एखोन डाक्तारी कोरछे!” म्हणजे तुम्ही लोक लुटायला आलेले, आता डॉक्टरकी करताय. ह्यांना सांगितलं तर हे वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, “मॅट्रिकवर एवढं करतेस, पुढे शिकली असतीस तर आम्हाला हावड्याला कारखान्यात जायला नको होतं.”

शनिवार, ३० ऑगस्ट

मंडळात आरतीनंतर मंजुषा वहिनींनी पेढे वाटले. मुग्धाचं ठरलं. मुलगा नागपूरचाच, कौस्तुभ नाव, इंजिनिअर. लग्न ३० नोव्हेंबरला. जोडा छान दिसेल. नाटुकलंही छान झालं, फक्त शौनक दोनदा वाक्यं विसरला. मी स्वतः केलेले उकडीचे मोदक होते, तरी एकच खाल्ला. पोट बिघडलं असेल.

रविवार, १४ सप्टेंबर

पाड्यातल्या, म्हणजे आमच्या आळीतल्या, क्लबात रक्तदान शिबिर. दरवर्षी दुर्गापूजेच्या आधी असतं. शौनकनं रक्त दिलं. त्याचा फोन दुरुस्तीला टाकलाय म्हणून फॉर्मवर माझा नंबर लिहिला. डबा मिळाला, चार कप्प्यांचा. ह्यांना न्यायला होईल. रक्तदानासारखं पुण्य नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर. घट बसलेले

मंगळवारच्या पावसाचं पाणी अजून तळमजल्याच्या भिंतीला दिसतं. माझे घट वर म्हणून वाचले.

रक्तपेढीतून फोन आला. बाई गोड बोलत होत्या. मुलाला एकदा पाठवून द्या, कार्ड घेऊन. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, “ओटा ओकेई बोलबो, मा.” त्यालाच सांगू. रक्त चांगलं निघालं असणार, पुन्हा हवं असेल. शौनकला अभिमानानं सांगितलं, तर जेवता जेवता उठला. पानात भात तसाच. अन्न टाकू नये म्हणून मी खाल्ला.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

पूजेची सुट्टी संपली, रक्तपेढीचा पुन्हा फोन आला, तेव्हा कुठे आज गेला. आला तो तोंड उतरवून. “काय म्हणाले?” “काही नाही. कमी आहे थोडं.” हिमोग्लोबिन कमी असणार. बीट आणलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

पँट धुवायला टाकताना खिशात दोन कागद सापडले. चोरून वाचायची मला सवय नाही, पण भिजले असते. एकावर रक्तपेढीचा शिक्का. इंग्रजी सगळं समजत नाही, अक्षरं लावून वाचलं: व्हीडीआरएल, पुढे ठळक, रिॲक्टिव्ह.

म्हणजे रिॲक्शनच होती! मी श्रावणात म्हणत होते ते रक्तातसुद्धा निघालं. ह्याला कशाची तरी रिॲक्शन येते. कोळंबी बंद, वांगं बंद.

दुसरा कागद सरकारी इस्पितळाचा. खोली चौदा, सोमवारी दहा वाजता, आणि एका इंजेक्शनचं नाव. लांबलचक, पण शेवटचा शब्द मला लावून वाचावा लागला नाही. पेनिसिलिन.

माझा चुलतभाऊ श्यामकांत पेनिसिलिननंच गेला. पायात खिळा घुसला होता, कंपाउंडरनं टोचलं, पाणी पाणी करत ओटीवरच संपला. मी सातवीत होते. कोणी आधी विचारलं असतं की ह्याला रिॲक्शन येते का, तर वाचला असता.

शौनकला विचारलं. कागद हातातून ओढून घेतले. “आई, तू टेन्शन नको घेऊ. व्हिटॅमिनचा इंजेक्शन आहे.” व्हिटॅमिन! मी मॅट्रिक आहे, अडाणी नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

सगळं लिहिते. न लिहिलं तर डोक्यातच फिरत राहील.

सकाळी ऑफिस म्हणून निघाला. साडेनऊला फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, बंद. देवापुढे दिवा लावला आणि तशीच घरातल्या साडीवर निघाले, रिक्षा करून. खोली चौदा शोधायला दहा माणसांना विचारलं. दारावर नुसता आकडा, कसली खोली ते लिहिलेलं नाही. बाकावर कॉलेजातली मुलं-मुली बसली होती, सगळी आपापल्या फोनमध्ये मान घालून. एकही आजारी दिसत नव्हतं.

पडदा सारून आत शिरले. शौनक स्टुलावर, बाही वर केलेली, नर्सच्या हातात सुई.

मी ओरडले, “सुई मत दो! इसको रिॲक्शन है! तुम्हारे ही कागज में लिखा है!”

“आई! तू इथे कशी?”

“मर जाएगा! मेरा भाई मर गया था!”

डॉक्टरीणबाई, डॉ. लाहिडी, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्यांनी नर्सला थांबवलं, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग शौनककडे वळल्या. “मैं बताऊँ कि तुम बताओगे? तुम ना बोलो तो मैं कुछ नहीं बोलूँगी.” त्यानं बाही खाली ओढली. “आप बोलिए,” म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

रिॲक्टिव्ह म्हणजे रिॲक्शन नव्हे. रक्तात एका रोगाची खूण सापडली असा त्याचा अर्थ. रोगाचं नाव सिफिलिस. स्त्री-पुरुष संबंधातून लागतो. आधी एक न दुखणारा फोड येतो, आपोआप जातो. मग अंगावर, तळहात-तळपायांवर ठिपके येतात. खाजत नाहीत. तेही काही आठवड्यांनी आपोआप जातात. काहीही लावा, काहीही लावू नका, जातातच. रोग मात्र आत राहतो. वर्षांनी डोळे, मेंदू, हृदय धरतो. आजकाल ह्या वयाची पुष्कळ मुलं येतात, म्हणाल्या. आणि औषध काय, तर तेच पेनिसिलिन.

मी विचारलं, “तो ठिपका आमसूल से नहीं गया?”

“की शूल?” म्हणजे, कसला शूल?

काय सांगणार. हिंदीत आमसुलाला काय म्हणतात ते आठवेना.

आमच्या गावी एक सावकार होता. तो गरमीनं गेला असं मोठी माणसं हळू आवाजात म्हणायची. आम्ही पोरं समजायचो की ऊन लागलं. भर उन्हात खेळायला निघालो की एकमेकांना सांगायचो, टोपी घाल, नाहीतर त्याच्यासारखी गरमी होईल. आज चाळीस वर्षांनी कळलं कसली गरमी ती. आणि मी गावभर सांगत सुटले होते, माझ्या मुलाच्या अंगात उष्णता आहे.

श्यामकांतचं मात्र डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, बरं केलंत सांगितलंत. आधी कातडीखाली थेंबभर टोचून बघितलं आणि अर्धा तास थांबवलं. आम्ही दोघं बाकावर. मी मनात जप करत होते. एकदाच म्हणाला, “तू घरी जा ना आई.” मी नाही गेले.

काही झालं नाही. मग खरं इंजेक्शन. त्याआधी डॉक्टरांनी विचारलं, ठिपके कधी आले होते? शौनक म्हणाला, “पूजेच्या आधी कधीतरी. की रथयात्रेला?” मी म्हटलं, “चार अगस्त को देखा. तेईस को चला गया.”

“आपको इतना पक्का कैसे याद है?”

“आमसूल गिन के देती हूँ. लिख के रखती हूँ.”

पुन्हा शूल. पण हसल्या. म्हणाल्या, ह्या तारखांवरून वर्षाच्या आतलं आहे, म्हणून एकदाच देते, नाहीतर आठवड्याला एक असं तीन वेळा द्यावं लागलं असतं. एड्सचीही तपासणी केली, ती चांगली आली. देवाची कृपा.

निघताना शौनकला म्हणाल्या, “जिसके साथ थे, उसको भी आना है. उसका भी दाग चला गया होगा और वो सोचती होगी, ठीक हो गई.”

तो कागदाची घडी करत बाहेर पडला. मीही मागून निघाले. ती कोण, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

जानेवारीत पुन्हा रक्त तपासायचंय, ती तारीख लिहावी म्हणून वही उघडली. पानं चाळताना १४ ऑगस्ट समोर आला. आमसुलं १२, मुग्धाला.

तिथेच बसून राहिले. भाजी करपली.

माझ्याच अक्षरात लिहिलंय. एकाच गाडीवर फुचके खात असणार.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आधी मला काय वाटलं ते खरं लिहिते. वाटलं, तिनंच दिलं असणार माझ्या मुलाला. चप्पल बाहेर काढते, नमस्कार करते, आणि हे. दिवसभर तसंच वाटत राहिलं. संध्याकाळी त्याला धरून बसवलं.

“मुग्धा ना?”

रडला. वडील वारल्यासारखा रडला. म्हणाला, “तिचं काही नाही आई. तिच्या आधी एक होती, ट्रेनिंगमध्ये. ते तिच्याकडूनच आलं असेल. मुग्धाला मी दिला.”

“तिला सांगितलंस?”

“लग्न ठरल्यापासून तिने मला ब्लॉक केलाय. बससुद्धा दुसरी घेते. लिहून दिला तर कोणी वाचेल.”

“मग आता?”

“तिला काय, गेलेत ना ठिपके.”

थोबाडीत दिली. तेवीस वर्षांच्या मुलाला. मग माझाच हात दुखत राहिला.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाल्या आहेत की कपबशीनं, ताटानं, कपड्यांनी हे लागत नाही. तरी शौनकचा कप वेगळा काढला, दांड्याला लाल दोरा बांधला. चुकीचं आहे हे कळतंय. हात ऐकत नाही. देवघरात त्यानं घंटा वाजवली तर ती चिंचेनं घासली.

ह्यांना काहीच सांगितलेलं नाही. आज सकाळी चहा ओतून देवपूजेला गेले. येऊन बघते तो हे लाल दोऱ्याच्या कपातून चहा पिताहेत. म्हटलं, अहो, तो शौनकचा. म्हणाले, “हो का? चहा तर तोच आहे.” कप धुऊन, दोरा सोडून, इतर कपांत लावला आणि फेरी पकडायला घाटावर गेले. ह्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

मग मीही दोरा परत बांधला नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

पूजा केली, मन नाही. तीस नोव्हेंबरला चाळीस दिवस.

मंजुषा वहिनींना सांगितलं तर त्या आधी मुलीला बडवतील, मग आमच्या दारात येतील, मग मंडळात सगळ्यांना कळेल. लग्न मोडेल. नाही सांगितलं तर ती मुलगी तो रोग घेऊन नागपूरला जाईल. तो कौस्तुभ, त्यानं काय केलंय? पुढे पोर राहिलं तर त्या पोटातल्या जिवालासुद्धा लागतो म्हणाल्या डॉक्टर.

आणि एक विचार असाही येतो की आपण गप्प बसावं. कोणाला कळणार आहे? माझा मुलगा बरा झाला. असा विचार लक्ष्मीसमोर बसून आला. लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा आला तर ओळखता येईल.

तिचं पित्त गेलं असं ती समजते आहे ते माझ्यामुळे. मी आमसूल दिलं नसतं तर कदाचित डॉक्टरकडे गेली असती.

रविवार, २ नोव्हेंबर

मंजुषा वहिनींना फोन करून मुग्धाला केळवणाला बोलावलं, पुढच्या रविवारी. लग्नाआधी जेवायला बोलावण्याला कोण नाही म्हणणार? शौनकला त्या दिवशी ह्यांच्याबरोबर बाहेर पाठवते. ह्यांनी न विचारताच म्हटलं, “आम्ही दोघं बेलूर मठात जाऊन येतो, संध्याकाळ होईल.”

रविवार, ९ नोव्हेंबर

केळवण झालं. पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात, सोलकढी. मायलेकी दोघी आल्या. मुग्धाला पाटावर बसवलं, रांगोळी काढली, ओवाळलं. वाळली आहे. मंजुषा वहिनी मात्र उत्साहात.

“वहिनी, सोलकढी म्हणजे तुमचीच हं! आणि हिचं पित्त तुमच्या आमसुलानं गेलं ते मी नागपूरला सगळ्यांना सांगितलंय. विहिणीला म्हटलं, तुमच्या सुनेबरोबर औषधाचा डबासुद्धा येतोय. द्याल ना थोडी बांधून? रुखवतातच ठेवते.”

मी पळी खाली ठेवली.

“देते,” म्हटलं. “मुग्धा, ये गं आत, देवाला नमस्कार कर, तोवर बांधते.” मंजुषा वहिनींपुढे विड्याचं तबक ठेवलं आणि टीव्ही लावून दिला. त्यांना त्या मालिका आवडतात.

देवघर म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातला एक कोपरा. ती वाकली, उठली. मी तिचे दोन्ही हात धरले, तळवे वर केले. स्वच्छ होते. आठवडाभर वाक्यं जुळवत होते, त्यातलं एकही आठवलं नाही.

म्हटलं, “मुग्धा, ते पित्त नव्हतं.”

आधी कळलं नाही तिला. मग कळलं. हात सोडवून घ्यायला लागली, मी सोडले नाहीत.

“शौनकनं रक्त दिलं त्यात निघालं. त्याला इंजेक्शन दिलं, तो आता बरा आहे. तुलाही घ्यायला हवं. ठिपके गेले म्हणजे रोग गेला नाही. ते आमसुलानं गेले नव्हते. मी चुकीचं सांगितलं तुला.”

“काकू, आईला—”

“मी सांगितलं नाही. सांगणार नाही. मंगळवारी दहाला मी सरकारी इस्पितळाच्या फाटकाशी उभी राहीन. खोली चौदा.”

“आता एकवीस दिवस उरलेत, काकू.”

“माहीत आहे.”

“तुम्हाला माझा राग नाही?”

होता, म्हटलं. खोटं कशाला बोलू. होता, गेल्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. मग तोंड पुसायला पदर दिला. बाहेरून मंजुषा वहिनींचा आवाज, “झाली का गं बांधाबांध? की अख्खं राजापूर देताय?” मी आमसुलाऐवजी पुडीत पुरणपोळ्या बांधल्या. म्हटलं, आमसुलं संपली हो. देवाच्या समोर उभं राहून. पिशवी निम्मी भरलेली होती.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आली. तोंडावर मास्क, ओढणी. फॉर्मवर नातं विचारलं, मी सांगितलं, मावशी. तिचंही तसंच निघालं. कातडीखाली थेंब, अर्धा तास, इंजेक्शन. अर्धा तास तिनं माझा हात धरून ठेवला होता. बांगड्या रुतल्या.

डॉ. लाहिडींनी तिला समजावलं. इंजेक्शन लागू पडलं की दुसऱ्याला देण्याचा धोका लवकर जातो, पण रक्तातलं रोगाचं प्रमाण खरंच उतरलं की नाही हे तीन महिन्यांनी बघायचं. ज्याच्याशी लग्न करतेस त्याला सांगायचं की नाही हे मी ठरवणार नाही, पण मी त्याच्या जागी असते तर मला कळायला हवं होतं.

बाहेर आल्यावर मुग्धा म्हणाली, “तुम्ही काय केलं असतं काकू?”

मी म्हटलं, “मला काय माहीत. मला लग्नाआधी ह्यांचा फोटोसुद्धा दाखवला नव्हता.”

हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा नीट हसलेली पाहिली.

गुरुवार, २० नोव्हेंबर

मंजुषा वहिनींचा फोन, रडकुंडीला. लग्न पुढे गेलं. फाल्गुनात. “हॉल ठरलेला, पत्रिका वाटलेल्या, आणि ही म्हणते आत्ता नको. म्हटलं, नागपूरकर आता मोडणार. तर तो कौस्तुभच उलट म्हणाला, मुग्धा म्हणते तेव्हा करू. परवा विमानानं येऊन गेला, दोन तास दोघं घाटावर बोलत बसले होते. उतरलेल्या तोंडानं आला, पण जाताना हिला म्हणाला, रिपोर्ट आला की कळव. कसला रिपोर्ट हो? वहिनी, केळवणाला तुम्हाला काही बोलली का?”

“नाही हो,” म्हटलं. “माझ्याशी काय बोलणार.”

महिन्यातलं तिसरं खोटं. एकादशीला निर्जळी करीन.

बुधवार, १४ जानेवारी २०२६. मकर संक्रांत

शौनकचा रिपोर्ट काल आला. रक्तातलं प्रमाण चौसष्टवर होतं ते आठवर उतरलं. डॉक्टर म्हणाल्या, उत्तम, आता जुलैत पुन्हा. कागद त्यानं आपण होऊन माझ्या हातात दिला. लावून वाचला. रिॲक्टिव्ह अजून आहेच, ते काही दिवस राहतं म्हणे. आता दचकले नाही. मुग्धाची तारीख फेब्रुवारीत. तिळगुळाचा निरोप आलाय तिचा, “मावशी” असा.

दुपारी माशीमा जिना चढून आल्या, धापा टाकत. ह्या वयात कशाला येता, हाक मारायची, म्हटलं. म्हणाल्या, नातू हॉस्टेलमधून आलाय, अंगभर ठिपके. “तोमार शेई काला टोक फोलटा दाओ तो, बर्गी बोउ!” तुझं ते काळं आंबट फळ दे.

पिशवी काढली. संक्रांतीपर्यंत पुरवायची होती, पुरली, उलट उरलीच. बारा मोजली. मग परत पिशवीत टाकली.

“माशीमा,” मी म्हटलं, “आधी त्याला विचारून या, खाजतंय का.”